पेशी चारशे, लोड वीस: कुठला आकडा कशाचा?

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरात सीपीआर चौकातल्या चहाच्या गाडीवर एकानं माझ्यापुढं एचआयव्हीच्या तपासणीचे दोन कागद सरकवले. माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळं रिपोर्ट वाचून दाखवायचं काम न मागता गळ्यात पडतं. (ओळख पटेल असं इथं काही लिहीत नाही.)

"काय ओ, गेल्या खेपेला चारशेवर होत्या पेशी. आता वीसच राहिल्या काय?"

चहाचा ग्लास हातात तसाच. पहिला कागद सीडी-फोरचा होता, ४१०. दुसरा व्हायरल लोडचा, '२० पेक्षा कमी'. दोन वेगळ्या तपासण्या, पण त्यानं एकाच खात्यात मांडल्या होत्या. माणूस गुळाच्या सौद्यातला. आकडा चढला की बरं, उतरला की बुडालो, हा त्याचा हिशेब.

सीडी-फोर म्हणजे आपल्या बाजूच्या पेशी. विषाणू नेमका याच पांढऱ्या पेशींत शिरतो आणि त्या मारतो. एक घनमिलीमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली गेल्या की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. व्हायरल लोड हा शत्रूचा आकडा: एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या किती प्रती आहेत. हा लाखांत जाऊ शकतो, आणि तो जितका खाली तितकं बरं.

त्याला मी पंचगंगेवरून सांगितलं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका. ती पातळी म्हणजे लोड. आणि नदीकाठी उभा ऊस म्हणजे पेशी. पाणी उतरायला फार दिवस लागत नाहीत, पण कुजलेला ऊस लगेच उभा राहत नाही. तसंच इथं. डोल्युटेग्राविर असलेली आजची गोळी नेमानं घेतली तर बहुतेकांचा लोड काही महिन्यांत दबतो. पेशी भरून यायला वर्षं जातात, आणि उपचार फार उशिरा सुरू झाला तर काहींच्या पूर्ण भरतही नाहीत. शिवाय साध्या आजारपणातही पेशींचा आकडा खालीवर होतो. म्हणून औषध लागू पडतंय का, हे लोडच आधी सांगतो.

पण जगानं बरीच वर्षं ऊस किती कुजलाय ते बघूनच बांध घातला, म्हणजे पेशी घटल्यावरच औषध दिलं. औषधं महाग होती, जुन्या गोळ्यांचे त्रासही होते. तीन औषधांचा माणशी वर्षाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलर. २००१ मध्ये सिप्लानं तोच ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा कुठं गरीब देशांत उपचाराची भाषा सुरू झाली. २००५ अखेर ३० लाख लोकांना औषध द्यायचं असं जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलं होतं, पोचलं जेमतेम १३ लाखांना. भारतात १ एप्रिल २००४ ला मोफत औषध सुरू झालं. थोड्या गोळ्या कुणाला आधी द्यायच्या? ज्याच्या पेशी २०० च्या खाली, त्याला. मग जागतिक आरोग्य संघटनेची रेषा वर सरकत गेली: २०१० ला ३५०, २०१३ ला ५००. २०१५ मध्ये स्टार्ट नावाच्या अभ्यासात लवकर औषध घेणारे कमी आजारी पडतात हे स्वच्छ दिसलं आणि त्याच वर्षी संघटनेनं रेषाच पुसली. भारतानं २०१७ पासून तेच धोरण घेतलं: निदान झालं की गोळी, पेशी कितीही असोत. त्याआधी 'अजून पेशी चांगल्या आहेत, नंतर या' असं ऐकून परत गेलेली माणसं मला आठवतात. त्यातली काही परत आलीच नाहीत.

म्हणून सीडी-फोर मोडीत निघाली असं नाही. नव्या रुग्णाच्या पेशी २०० च्या खाली असतील तर क्षयरोग, मेंदूज्वर यांवर आधी नजर ठेवावी लागते, प्रतिबंधक गोळी द्यावी लागते. लोड १००० च्या वर आला तर आधी गोळ्या चुकतात का ते विचारतात, समुपदेशन करतात, तीन महिन्यांनी पुन्हा मोजतात आणि तरीही उतरला नाही तर औषध बदलायचा विचार होतो.

जगाच्या आकड्यांतही हीच गल्लत चालते. २०२४ अखेर एचआयव्हीसह जगणारे सुमारे ४ कोटी ८ लाख, उपचारावर ३ कोटी १६ लाख, म्हणजे ७७ टक्के. २०१० मध्ये उपचारावर फक्त ७७ लाख होते. झेप मोठीच. पण एकूण जगणाऱ्यांत लोड दबलेले ७३ टक्के. आणि मुलांमध्ये तर औषधच ५५ टक्क्यांना मिळत होतं. गोळी हातात पडली हा एक आकडा, ती रक्तात चालली हा दुसरा. बातमीत बहुधा पहिलाच येतो.

"म्हणजे वीस हे बरं?"

"लई बरं. असाच दबलेला राहिला तर संबंधातून मालकिणीलाही लागण होत नाही."

तो हसला. मग हळूच, "मग आता गोळी बंद केली तर?"

हाच खरा घोटाळा. लोड मोजता न येण्याइतका खाली गेला म्हणजे विषाणू गेला नाही. तो काही पेशींत दडून असतो आणि गोळी थांबली की बहुतेकांत काही आठवड्यांत वर येतो. धरण भरलेलंच आहे, दरवाजे तेवढे बंद आहेत, असं म्हटल्यावर त्यानं दोन्ही कागद घडी करून बंडीच्या आतल्या खिशात घातले आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

"रातची गोळी नऊला असती," म्हणाला, "गारगोटीची गाडी धरायला पायजे."