सी-स्टँड की बूम स्टँड? आडव्या दांडीवर दिवा टांगण्याआधी

फोटोग्राफीच्या सामानाच्या दुकानात जाऊन ‘दांडी पुढे येईल असा दिव्याचा मजबूत स्टँड द्या’ म्हटलं की समोर दोन वेगळ्या वस्तू येऊ शकतात. दोन्हींना तीन पाय, एक उभा खांब, त्यावर आडवी दांडी आणि दांडीच्या टोकाला दिवा. नुसत्या फोटोत पाहिले तर सख्खे भाऊ वाटावेत. एक सी-स्टँड, दुसरा बूम स्टँड. लायटिंग शिकायला येणाऱ्यांत दर वेळी एक-दोघं तरी असे भेटतात, ज्यांनी एकाच्या कामासाठी दुसरा आणलेला असतो. मग ‘स्टँड डुगडुगतो’, ‘दांडी खाली येते’ अशा तक्रारी सुरू होतात. बहुतेक वेळा स्टँडमध्ये काही खोट नसते, त्याला जुंपलेलं काम त्याचं नसतं.

विहिरीवरची लाट ज्यांनी पाहिली आहे त्यांना बूम स्टँड वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मधे टेकू, त्यावर लांब वासा, एका टोकाला पाण्याचं भांडं आणि दुसऱ्या टोकाला बांधलेला दगड. भरलेलं भांडं वर येतं ते दगडाच्या जोरावर, माणसाला फक्त वासा हलवायचा असतो. बूम स्टँड म्हणजे हीच लाट. दिव्याच्या विरुद्ध टोकाला वजन लटकवायचं आणि तोल साधायचा.

सी-स्टँडचं तसं नाही. हात ताठ करून मुठीत एक काठी आडवी धरा आणि काठीच्या टोकाला बाजाराची पिशवी अडकवा. काही क्षणांत मनगट भरून येतं. सी-स्टँडची दांडी अशी मुठीच्या जोरावर उभी असते, मागे तोलायला काही नसतं. म्हणून ‘मजबूत कोणता’ हा प्रश्न दोघांच्या बाबतीत वेगळा पडतो. एकाची पकड बघायची, दुसऱ्याचा तोल.

ही मूठ म्हणजे ग्रिप हेड. साधारण अडीच इंच व्यासाच्या धातूच्या जाड चकत्या, त्यांच्यात वेगवेगळ्या जाडीच्या दांड्या बसतील अशा खाचा आणि बाजूला एक मोठा आवळायचा नॉब. दांडी बहुधा ४० इंची, म्हणजे मीटरभर. नॉब घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की चकत्या आवळतात. आता नॉब आपल्याकडे येईल असे उभे राहा. दांडी आपल्या उजव्या हाताला निघत असेल, तर दिव्याचं वजन दांडीला घड्याळाच्याच दिशेने खाली ओढतं, म्हणजे दांडी जराशी घसरली तरी नॉब आणखी आवळला जातो. दांडी डाव्या हाताला काढली तर तेच वजन नॉब सैल करत राहतं. तासाभराने दिवा चार बोटं खाली आलेला दिसतो आणि आपण दोष देतो स्टँडला. सी-स्टँडबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: नॉब माझ्याकडे, वजन उजवीकडे.

चकत्यांना तेल किंवा वंगण कधीही लावू नका. कुरकुरतात म्हणून लोक हौसेने लावतात. ती पकड घर्षणावरच चाललेली असते.

पायांचंही शास्त्र आहे. सी-स्टँडचे तीन पाय खांबाला तीन वेगवेगळ्या उंचीवर जोडलेले असतात. त्यामुळे एकाचे पाय दुसऱ्याच्या पायांखाली सरकतात आणि चार-पाच स्टँड हातभर जागेत दाटीने उभे राहतात. सगळ्यांत उंच पाय नेहमी दांडीच्या खाली, दिव्याच्या दिशेला यायला हवा, कारण स्टँड पडला तर त्याच बाजूला पडणार. वाळूची पिशवी त्याच पायावर टाकायची आणि ती जमिनीपासून जराशी अधांतरी राहील असं बघायचं. पिशवी जमिनीवर टेकली की तिचं वजन जमीन घेते, पायाला काही मिळत नाही.

गोरेगावच्या चित्रनगरीत किंवा कुठल्याही शूटिंगच्या सेटवर सी-स्टँडला काय अडकवलेलं असतं ते बघा. प्रकाश अडवायचा काळा कटर, जाळी, पांढरं कापड, थर्माकोलची शीट. या हलक्या वस्तू नेमक्या जागी धरून ठेवणं हे त्याचं मूळ काम. दिवा लावायचा असेल तर सरळ खांबाच्या टोकावर लावतात, तिथे तो मुकाट उभा राहतो. दांडीच्या टोकावर कॅमेऱ्याची छोटी फ्लॅश आणि लहान सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे लावायचा, प्रकाश मऊ करणारा कापडी खोका), फार तर दीड किलोपर्यंत, इतकंच मी टांगतो. त्यापुढे दांडी वाकायला लागते आणि ग्रिप हेडची परीक्षा सुरू होते.

तीन किलोचा दिवा पुढे टांगायचा असेल तर बूमच हवा, आणि बूम म्हटलं की गणित आलं. शाळेत साध्या यंत्रांच्या धड्यात सगळ्यांनी पाठ केलेलं आहे: बल गुणिले बलभुजा बरोबर भार गुणिले भारभुजा. ते इथे जसंच्या तसं लागू पडतं.

दिवा दोन किलोचा, सॉफ्टबॉक्स एक किलोचा, मिळून तीन किलो. दांडी १८० सेंटिमीटर लांब, टेकू अशा जागी की दिवा १२० सेंटिमीटर पुढे आणि शेपूट ६० सेंटिमीटर मागे. तीन गुणिले १२० म्हणजे ३६०. दांडीचं स्वतःचं वजनही धरायला हवं. समजा ते १.८ किलो आहे. दांडीचा मध्य टेकूपासून ३० सेंटिमीटर दिव्याच्या बाजूला पडतो, म्हणून आणखी ५४. एकूण ४१४. भागिले ६०, म्हणजे मागे जवळजवळ सात किलो वजन लटकवावं लागेल.

आता ‘अजून थोडं पुढे घे’ म्हणत तोच दिवा १५० सेंटिमीटरवर नेला आणि शेपूट ३० सेंटिमीटरच उरली, तर मागे किती लागेल? साडेअठरा किलोहून अधिक! दिवा हातभरही पुढे गेलेला नाही, पण मागचं वजन अडीच पटींहून जास्त झालं. म्हणून बूम घेताना दांडी पुढे किती जाते हे विचाराच, पण मागे किती उरते हे आधी विचारा. स्वस्तातल्या बऱ्याच बूमची शेपूट आखूड असते आणि सोबत एक रिकामी चिमुकली पिशवी दिलेली असते. त्या पिशवीत वाळू भरून दोन-तीन किलो होतात.

आणखी एक गोष्ट हिशेबात राहून जाते. वरच्या पहिल्या उदाहरणात खांबावर एकूण किती वजन आलं? दिवा-सॉफ्टबॉक्सचे तीन, दांडीचे १.८ आणि मागचे सात, म्हणजे सुमारे बारा किलो. दिवा तीन किलोचा आहे म्हणून पाच किलो पेलणारा साधा ॲल्युमिनियमचा स्टँड खाली लावला, तर तोल कितीही नीट साधलेला असला तरी खांबाचे सांधे सरकतील. तोल साधायला लावलेलं वजन पण त्याच खांबाला पेलायचं असतं.

मागे लटकवलेलं वजन आणि पायावर टाकलेली वाळूची पिशवी यांतही गल्लत होते, आणि ती जास्त घातक आहे. दांडीच्या शेपटीला लटकवलेलं वजन तोल साधतं, त्यामुळे टेकूच्या नॉबवरचा ताण जवळजवळ शून्यावर येतो. पायावरची पिशवी स्टँडला जमिनीशी धरून ठेवते, कोणाचा पाय वायरीत अडकला तर स्टँड लगेच कलंडू देत नाही. एक आहे म्हणून दुसरी नको असं होत नाही. पायावर वीस किलो टाकून शेपूट मोकळी ठेवली तर स्टँड पडणार नाही, पण नॉब घसरेल आणि दांडीसकट दिवा खाली येईल. खाली त्या वेळी कोण बसलेलं आहे, यावर पुढचं सगळं.

हे मी पोटतिडकीने सांगतो, त्याला कारण आहे. एका आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो त्यांच्याच घरी काढत होतो. मागे गडद निळा पडदा, आजींचे केस पांढरेशुभ्र, आणि त्या केसांची कड उजळावी म्हणून मागून-वरून एक दिवा हवा होता. साधा स्टँड मागे ठेवला असता तर चौकटीत दिसला असता, म्हणून बूम. तोल अगदी नीट साधला होता, बोटाने ढकललं तरी दांडी हलकेच वर-खाली व्हायची. फोटो झाले, आजी उठून ओवाळायला आत गेल्या. बॅटरी बदलायची म्हणून मदतनीस मुलाने पुढचा दिवा काढून घेतला. क्षणात पुढचं टोक छताकडे गेलं आणि मागची सहा किलोंची पिशवी आजींच्या खुर्चीशेजारी फरशीवर आदळली. फरशीचा टवका उडाला. दोन मिनिटांपूर्वी तिथे त्यांची नात उभी होती.

त्या मुलाची चूक नव्हती. तोल साधलेली दांडी शांत दिसते, म्हणून ती सुरक्षित वाटते. तिचं एक टोक मोकळं केलं की दुसरं टोक पडणारच, हे मी त्याला सांगायला हवं होतं. तेव्हापासून माझ्याकडे क्रम ठरलेला आहे. दांडी आधी कमरेच्या उंचीवर आणायची. एकाने दिव्याचं टोक दोन्ही हातांनी धरायचं, दुसऱ्याने मागचं वजन काढायचं, आणि मगच दिवा सोडवायचा. लावताना याच्या नेमकं उलट. एकटा असेन तर बूम उभारत नाही. मागचं वजनही आता लांब दोरीने लोंबकळत ठेवत नाही, दांडीला लगटून बांधतो, म्हणजे ते झुलत नाही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपाळाला लागत नाही.

आपल्या घरांत शूट करताना छताकडेही बघावं लागतं. फ्लॅटचं छत साडेनऊ फुटांच्या आसपास असतं, त्यात सॉफ्टबॉक्सची खोली वजा करा, आणि मधोमध फिरणारा पंखा. पंख्याचं बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी लावा. खोलीत उकडायला लागलं की कोणीतरी सवयीने बटण दाबतंच. गच्चीवर बूम नकोच. मोठा सॉफ्टबॉक्स म्हणजे शीड, वाऱ्याच्या एका झोताने सगळा हिशेब बदलतो.

मग कुठल्या कामाला काय? फराळाच्या ताटाचा वरून फोटो घेताना खिडकीचा प्रकाश मऊ करायला पांढरं कापड किंवा सावलीसाठी काळा पुठ्ठा लागतो, तिथे सी-स्टँड. दागिन्यांवर लहान दिवा जवळ आणायचा असेल तरी तोच. बसलेल्या माणसाच्या डोक्यामागून प्रकाश, पूर्ण उंचीच्या साडीवर वरून येणारा मोठा सॉफ्टबॉक्स, ही बूमची कामं. तान्ह्या बाळांच्या फोटोंसाठी मी दोन्ही वापरत नाही. दिवा बाजूला, सरळ खांबावर ठेवतो. बाळाच्या वर काहीही टांगलेलं नको, प्रकाश थोडा कमी सुंदर आला तरी चालेल.

विकत घेताना, मग ते फोर्टातल्या बोरा बाजारात असो की तुमच्या गावच्या दुकानात, बॉक्सवरच्या आकड्यावर थांबू नका. तो आकडा खांब पूर्ण खाली असतानाचा की पूर्ण वर असतानाचा, दांडी आत असतानाचा की पूर्ण बाहेर असतानाचा, हे बहुधा लिहिलेलं नसतं. दुकानातच दांडी पूर्ण बाहेर काढायला लावा आणि टोकाला तुमची कॅमेऱ्याची बॅग अडकवून, खालून हात धरून, हळूहळू भार सोडा. टेकूचा सांधा निरखून बघा. तिथे प्लॅस्टिक असेल तर खाली ठेवा. दात असलेला सांधा घसरत नाही, पण ठरावीक टप्प्यांतच थांबतो. घर्षणावरचा सांधा हव्या त्या कोनात थांबतो, पण तो भक्कम धातूचाच हवा. दांडी स्वतःभोवती फिरते का तेही बघा, कारण सॉफ्टबॉक्सचं तोंड जड असतं आणि गोल दांडी सैल असेल तर ते हळूहळू जमिनीकडे वळतं. खिशात छोटं चुंबक ठेवलं तर क्रोम चढवलेलं पोलाद आणि ॲल्युमिनियम लगेच वेगळं कळतं. सी-स्टँड पोलादाचाच घ्या. दांडीसकट आठ किलोच्या आसपास भरतो आणि ते वजनच त्याचा जीव आहे.

दोन्ही एकदम घेणं परवडत नसेल तर माझा सल्ला असा: आधी एक चांगला सी-स्टँड घ्या. त्याच्या खांबाच्या टोकाला १६ मिलिमीटरची पिन असते, आणि बहुतेक सुट्या बूम दांड्या त्याच मापाच्या पिनेवर बसतात. पुढे लांब शेपटीची एक दांडी वेगळी घेतली की खालचा पोलादी खांब तयारच असतो. त्याची पेलण्याची मर्यादा मात्र मागच्या वजनासकट मोजा, आणि उंच पाय दिव्याकडेच ठेवा. वाळूच्या पिशव्या विकत घ्यायची गरज नाही. जुन्या जीन्सचा एक पाय कापून, दोन्ही तोंडं दुहेरी शिवून, आत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली कोरडी वाळू भरली की पाच-सहा किलो सहज होतात. मधे वाळू न भरलेली वीतभर पट्टी सोडा, म्हणजे पिशवी पायावर खोगिरासारखी दोन्हीकडे बसते.