रात्रीचा खोकला: नाकाचा की छातीचा?

दोन-अडीच वर्षांचं लेकरू दिवसभर उंडारतं आणि रात्री खोकून खोकून अख्खं घर जागं करतं. आजी म्हणते, ‘कूलरची हवा बाधली’. शेजारीण म्हणते, ‘बाळदमा तर नाही ना बापा?’ बहुतेक वेळा हा खोकला एक तर नाकातून घशात उतरणाऱ्या शेंबडाचा असतो, नाहीतर आकसणाऱ्या श्वासनळ्यांचा.

नाकाचा खोकला पोराला आडवं केलं की थोड्याच वेळात सुरू होतो आणि खांद्यावर उभं धरलं की कमी होतो. आवाज ओला, नाक चोंदलेलं, तोंड उघडं. सकाळी उठल्यावर पुन्हा एक उबळ. या वयात वर्षाला सहा-आठ सर्द्या होतात आणि एकेकीचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. पहिली संपायच्या आत बालवाडीतून दुसरी येते, म्हणून ‘महिनाभराचा खोकला’ पुष्कळदा एकापाठोपाठच्या दोन सर्द्यांचा असतो. यावर मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब पुरतात. वर्ष पूर्ण झालेलं असेल तर झोपताना थोडा मध चालतो. त्याआधी अजिबात नाही. सर्दी नसतानाही रोज घोरत असेल, तर ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूची गाठ) तपासून घ्या.

छातीचा खोकला बहुधा मध्यरात्र उलटल्यावर येतो. पहाटेच्या सुमारास श्वासनळ्या सगळ्यांच्याच थोड्या अरुंद होतात. दम्याच्या पोराला तेवढंही सोसत नाही. खोकला कोरडा, एकामागून एक. पाठीला कान लावला तर श्वास सोडताना बारीक शिट्टी ऐकू येते, पण दर वेळी येईलच असं नाही. मला सगळ्यात भरवशाची खूण दिवसाची वाटते: पळाल्यावर, खदखदून हसल्यावर, रडल्यावर खोकला येतो का? सर्दी नसतानाही येतो का? जोडीला अंगावर खाजरं इसब किंवा आईवडिलांपैकी कुणाला दमा असेल, तर संशय बळावतो.

कूलरवरून मात्र निदान होत नाही. मागच्या उन्हाळ्याची खस न बदलता मार्चमध्ये कूलर लावला, की धूळ आणि बुरशी थेट खाटेवर येते. त्यानं नाकही गळतं आणि श्वासनळ्याही आकसतात. मच्छर कॉइलचा धूर, अगरबत्ती, थंडीतली शेकोटी यांचंही तेच. ओला खोकला नेहमी नाकाचाच असतो असंही नाही. तो चार आठवडे रोज टिकला, तर छातीत जंतुसंसर्ग असू शकतो.

एवढ्या लहान पोराला फुंकर मारायची तपासणी जमत नाही आणि दम्यात एक्स-रे बहुधा साफच येतो. म्हणून डॉक्टर दोन-तीन महिने पंप (श्वासावाटे औषध ओढायचा इनहेलर) देऊन फरक पडतो का ते पाहतात, मग थांबवून पुन्हा पाहतात. लोक बिचकतात ते इथेच: ‘पंपाची सवय लागेल’. सवय लागत नाही, आणि औषध अगदी थोडं, थेट छातीत जातं. पंप हलवा, स्पेसरचा (पंपाला जोडायच्या नळकांड्याचा) मास्क नाकातोंडावर घट्ट धरा, एकदा दाबा, पाच-सहा श्वास होऊ द्या. दुसरा डोस असेल तर पुन्हा हलवून. मास्क सैल राहिला तर औषध गालावरच जातं. डॉक्टरांकडे जाताना रात्रीच्या उबळीचा मोबाइलवर व्हिडिओ न्या. दवाखान्यात पोरगं हमखास खोकत नाही.

मेडिकलमधून स्वतःच्या मनानं सिरप आणू नका. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची मुलं डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या सिरपनं दगावली, त्यातली अनेक उपचारासाठी नागपुरात आणली होती. त्यानंतर केंद्राने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाचखालीही सहसा टाळावीत, असं कळवलं. भेसळ नसली तरी या औषधांनी आकसलेली नळी उघडत नाही.

श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, झोपेतही मिनिटाला चाळीसच्या वर श्वास मोजले जात असतील किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर रात्रीच निघा. आणि चांगलं खेळता-खाताना अचानक ठसका लागून खोकला सुरू झाला असेल, तर तो ना नाकाचा ना दम्याचा: शेंगदाणा किंवा फुटाणा श्वासनळीत अडकला आहे का, हे आधी बघावं लागतं.