फोलेट की बी-१२? रक्तात सारखे, मज्जातंतूंत वेगळे

रक्ताच्या अहवालात तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसल्या की संशय प्रामुख्याने दोन जीवनसत्त्वांवर जातो: फोलेट, म्हणजेच बी-९, आणि बी-१२. दोहोंपैकी कोणतेही कमी पडले तरी डीएनए नीट तयार होत नाही आणि होणारा रक्तक्षय सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखाच दिसतो.

मेंदूतही दोघांची गाठ एका ठिकाणी पडते. होमोसिस्टीन या अमिनो आम्लापासून मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल बनताना लागणारा मिथाइल गट (अणूंचा एक छोटा समूह) फोलेट पुरवते, पण बी-१२ नसेल तर तो पुढे पोचत नाही. याच मेथिओनिनपासून बनणारे रसायन डोपामाइनसारख्या चेतासंदेशकांच्या उलाढालीत वापरले जाते. म्हणून उदासी, चिडचिड आणि एकाग्रता न होणे ही लक्षणे दोन्ही अभावांत आढळतात.

फरक पडतो तो मज्जातंतूंपाशी. बी-१२ कमी पडले की त्यांवरचे मायलिनचे आवरण झिजते, तळपायांना मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, विसराळूपणा वाढतो आणि क्वचित भ्रमही होतात. रक्तक्षय नसतानाही हे घडू शकते.

हे दोन अभाव वेगळे आहेत याचा एक महत्त्वाचा धागा मुंबईत सापडला. १९२८ मध्ये येथे आलेल्या इंग्रज डॉक्टर ल्युसी विल्स यांनी गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणात होणाऱ्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि तो यीस्टच्या अर्काने बरा होतो हे दाखवले. त्यातला गुणकारी घटक फोलेट होता. पुढे १९४०च्या दशकात बी-१२च्या अभावाच्या रुग्णांना नुसते फॉलिक ॲसिड दिल्यावर रक्त सुधारले, मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहिली. खरा धोका हाच आहे, कारण सुधारलेला अहवाल पाहून सगळेच निर्धास्त होतात.

फोलेट मेथी, पालक, चवळीतून मिळते आणि त्याचा शरीरातला साठा काही महिन्यांचा असतो. बी-१२ दूध, अंडी, मासे आणि मांसातून येते, यकृतातला त्याचा साठा काही वर्षे पुरतो. पालेभाजीने बी-१२ वाढते असे खात्रीने सांगणारे अजूनही भेटतात! मधुमेहावरचे मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांतही बी-१२ घटू शकते.

बी-१२ची पातळी सीमेवर असेल, तर होमोसिस्टीन पाहून निवाडा होत नाही, कारण ते दोन्ही अभावांत वाढते. रक्तातच तपासता येणारे मिथाइलमॅलोनिक ॲसिड हे दुसरे रसायन मात्र बी-१२च्या अभावातच वाढते, फोलेटच्या नाही. मूत्रपिंडे कमकुवत असतील तर तेही वाढलेले दिसते, एवढे ध्यानात ठेवावे.