प्रसंगविशिष्ट क्षमतांचे संतुलन (भूमिकाखेळ)

फासे, कागद-पेन्सिल आणि डीएम (प्रसंग व शत्रू उभे करून खेळ चालवणारा सूत्रधार) यांच्या आधारे टेबलावर खेळल्या जाणाऱ्या कल्पनारम्य भूमिकाखेळांत काही क्लासना (योद्धा, जादूगार अशा पात्रप्रकारांना) अशा क्षमता मिळतात, की ठरावीक शत्रू, भूभाग किंवा परिस्थिती समोर आली तरच त्या कामी येतात. इतर क्लासच्या सदैव चालणाऱ्या क्षमतांच्या तोडीला त्यांना आणणे हा नियमरचनेतला जुना आणि अजूनही पुरता न सुटलेला प्रश्न आहे.

उगम : या प्रकारची सर्वांत जुनी छापील क्षमता बहुधा क्लेरिक या पुरोहित-योद्ध्याच्या क्लासची, म्हणजे सांगाडे, झोंबी अशा अनडेडना (मेल्यावरही वावरणाऱ्यांना) पिटाळून लावण्याची. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळात ती पहिल्यापासून आहे. ती आली कुठून याबद्दल दोन मते आढळतात. याच खेळाच्या १९७८ च्या खेळाडू-पुस्तिकेत क्लेरिकचे साम्य मध्ययुगीन धर्मयोद्ध्यांच्या संघांशी दाखवले आहे. दुसरे मत जुन्या खेळाडूंच्या आठवणींवर उभे आहे : आर्नेसन यांच्या ‘ब्लॅकमूर’ कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकींत चालणाऱ्या सलग खेळात) एका खेळाडूचे व्हॅम्पायर पात्र आवरेनासे झाले, तेव्हा त्याला तोड म्हणून हा क्लास घडला. धर्मयोद्ध्यांच्या इतिहासातून क्लेरिकचे चिलखत आणि गदा यांचा उलगडा होतो. भुते पिटाळण्याचा होत नाही. त्यामुळे निदान या एका क्षमतेपुरते दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. ते ग्राह्य धरले तर एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. ब्लॅकमूरमध्ये ही क्षमता प्रसंगविशिष्ट नव्हतीच. ज्याच्यासाठी ती घडली तो शत्रू त्याच कॅम्पेनमध्ये वावरत होता. छापील नियमांतून ती इतरांच्या टेबलावर गेली आणि तिथे अनडेड भेटतीलच याची हमी उरली नाही.

१९७४ च्या तक्त्यानुसार पहिल्या लेव्हलच्या (प्रगतीच्या पायरीवरच्या) क्लेरिकला दोन सहापैलू फाशांवर सांगाड्यासाठी ७, झोंबीसाठी ९ आणि घूलसाठी (प्रेते खाणाऱ्या अनडेडसाठी) ११ किंवा अधिक लागत. ३६ शक्यतांपैकी अनुकूल अनुक्रमे २१, १० आणि ३. म्हणजे योग्य शत्रू समोर असूनही डाव हुकू शकतो. साधला तर मात्र लढाईविना घोळका पळतो.

वारंवारतेचा प्रश्न : रेंजर हा रानावनातल्या शिकाऱ्याचा क्लास १९७५ मध्ये आला. राक्षसवर्गीय शत्रूंवर त्याच्या वाराने होणाऱ्या हानीत दर लेव्हलमागे १ ची भर पडे. हा वर्ग कोबोल्ड या बुटक्या प्राण्यांपासून महाकाय राक्षसांपर्यंत पसरलेला असल्याने क्षमता क्वचितच वाया जाई. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीने (२०००) खेळाडूला शत्रूचा एकेक प्रकार निवडायला लावला आणि अडचण उघडी पडली. पाचांतला एकच शत्रू निवडलेल्या प्रकारचा असेल, तर २ ची भर सरासरीने ०.४ च ठरते. ती सदैव मिळणाऱ्या २ च्या बरोबरीला न्यायची तर १० करावी लागेल. मग त्या एका लढतीत बाकीच्यांनी नुसते बघत बसायचे. आकडा वाढवून हा प्रश्न सुटत नाही, कारण प्रसंग किती वेळा येणार हे आकड्याच्या हाती नसून डीएमच्या हाती असते.

सोलापूर परिसरावर बेतलेले कॅम्पेन घेतले तर हे नीट दिसते. पाचव्या आवृत्तीच्या (२०१४) रेंजरने भूभाग म्हणून गवताळ प्रदेश निवडला, तर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर त्याची मंडळी जादूवाचून वाट चुकत नाहीत, अडचणीच्या वाटेने त्यांचा वेग मंदावत नाही, आणि त्याला एरवीच्या दुप्पट शिधा सापडतो. माळावर भरकटण्यातली सगळी रंगत त्यामुळे निघून जाते. तीच मंडळी सिद्धेश्वर तलावाकाठच्या, बहमनी काळातल्या मानल्या जाणाऱ्या भुईकोट किल्ल्यात शिरली, की दुहेरी तटबंदी आणि खंदकापुढे ही क्षमता शून्य. २०१४ च्या यादीत शहर नाहीच. म्हणजे क्षमता एकीकडे निरुपयोगी, दुसरीकडे खेळच गिळणारी. याउलट शत्रूची भाषा येणे हा त्याच रेंजरचा किरकोळ समजला जाणारा लाभ. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच पेठेत कानी पडणाऱ्या शहरावर खेळ बेतला, तर तो रोजच्या वापराचा होतो.

उपाय : सर्वांत समाधानकारक तोडगा क्लेरिकलाच मिळाला. २०१४ च्या नियमांत अनडेडना पिटाळण्याची ताकद ज्या दैवी साठ्यातून येते, त्यातूनच क्लेरिकच्या पंथाप्रमाणे दुसरी क्षमताही वापरता येते. अनडेड भेटले नाहीत तरी साठा पडून राहत नाही. रेंजरच्या बाबतीत २०२० मध्ये पर्यायी नियम आले आणि २०२४ मध्ये शत्रूचा प्रकार निवडण्याची अटच गेली. त्याने हिशेब जुळला, पण एका शत्रूचा आयुष्यभर अभ्यास केलेला शिकारी ही रेंजरची ओळख पुसट झाली, आणि ती किंमत लहान नाही. ‘पाथफाइंडर’ (२००९) या दुसऱ्या भूमिकाखेळाने आवडता, म्हणजे खेळाडूने निवडलेला, शत्रू कायम ठेवून तिसऱ्या लेव्हलपासून आवडता भूभागही दिला. त्यातला लाभ म्हणजे पुढाकार (लढाईत आधी पाळी मिळणे), टेहळणी, लपणे, माग काढणे अशा गोष्टींत २ ची भर, इतकाच माफक. आणि त्याच्या यादीत इमारती, रस्ते व गटारांसह शहर आहे.