मधुमेही किडनीविकाराच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये सहभाग: शोध, पात्रता, कागदपत्रे आणि संमतीपत्र

मधुमेहामुळे किडनीवर परिणाम झालेल्या रुग्णाला नव्या औषधाच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये जायचे असेल, तर त्यासाठी कोणत्याही सरकारी खिडकीवर छापील अर्ज मिळत नाही. रुग्णाच्या बाजूने अर्ज म्हणजे तीन कामे: चालू असलेली ट्रायल शोधणे, स्क्रीनिंगला (पात्रतेच्या तपासणीला) योग्य कागद घेऊन जाणे आणि संमतीपत्र समजून घेऊन सही करणे. पहिल्या दोनांत गडबड झाली तर फार तर प्रवेश मिळत नाही. संमतीपत्रात गडबड झाली तर पुढे उपचारखर्च आणि नुकसानभरपाईच्या वेळी घरच्यांची ओढाताण होते. म्हणून या तिसऱ्या कामाबद्दल इथे जास्त लिहिले आहे.

भारतात नव्या औषधांच्या चाचण्या ‘न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स, २०१९’ या नियमांखाली होतात. खाली दिलेल्या मुदती आणि रकमा याच नियमांतल्या आहेत.

ट्रायल खरी आहे का, हे आधी पाहा

क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया, म्हणजे सीटीआरआय, ही आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) नोंदवही २००७ पासून सर्वांना मोफत खुली आहे. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच ट्रायलची नोंद करावी लागते; नंतर नोंद करून घेण्याची सोय बंद झाली. त्यामुळे कोणी ट्रायलमध्ये घेतो म्हणाले, तर पहिला प्रश्न एकच: सीटीआरआय नंबर काय? नंबरात वर्ष, महिना आणि त्यापुढे सहा आकडे असतात. नंबर सांगता येत नसेल तर तिथे थांबलेलेच बरे.

सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन या संकेतस्थळावर आजाराच्या इंग्रजी नावाने शोध घेता येतो. नोंद उघडली की पाच रकाने वाचा. रुग्णभरतीची भारतातली स्थिती ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ आहे का. केंद्रांच्या यादीत आपल्या शहरातले रुग्णालय आहे का. त्या रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीपुढे (ट्रायलला मंजुरी देऊन रुग्णांचे हित पाहणाऱ्या समितीपुढे) ‘अप्रूव्हड’ लिहिले आहे का. औषध महानियंत्रकांच्या, म्हणजे नव्या औषधांना परवानगी देणाऱ्या केंद्रीय अधिकाऱ्यांच्या, परवानगीचा रकाना काय सांगतो. आणि नोंद शेवटची कधी सुधारली. शेवटचा रकाना बहुतेक जण वाचत नाहीत आणि तिथेच फसतात. नोंद वर्षभर हलली नसेल तर भरती संपलेली असण्याची शक्यता मोठी असते. पुण्याहून मुंबईला जाण्याआधी नोंदीत दिलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करा.

परवानगीच्या रकान्यात ‘नॉट अ‍ॅप्लिकेबल’ दिसले म्हणजे लगेच घोटाळा समजू नका. नुसत्या निरीक्षणाच्या अभ्यासांना आणि आधीच मंजूर असलेल्या औषधावरच्या काही शैक्षणिक ट्रायलना ती परवानगी लागत नाही. पण पूर्णपणे नवे औषध असूनही तिथे परवानगी दिसत नसेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ट्रायलचे औषध आणि ट्रायलसाठीच्या तपासण्या यांचे पैसे रुग्णाने द्यायचे नसतात. नाव नोंदवायला पैसे मागणारा एजंट हा कोणत्याही प्रक्रियेचा भाग नाही.

पात्रता: अटी वाचायच्या कशा

अटी दोन याद्यांत असतात, समावेशाच्या आणि वगळण्याच्या. नमुना म्हणून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेली क्रेडेन्स ही जागतिक ट्रायल घेऊ. तिच्यात कॅनाग्लिफ्लोझिन या औषधाचा मधुमेही किडनीविकारावरचा परिणाम ४४०१ रुग्णांत तपासला गेला. अट अशी होती: टाइप २ मधुमेह, वय ३० किंवा जास्त, एचबीएवनसी (सुमारे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.५ ते १२ टक्के, ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) ३० ते ९० च्या आत, लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (लघवीतून किती प्रथिन जाते याचे माप) ३०० पेक्षा जास्त आणि ५००० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमपर्यंत, आणि रक्तदाबाची ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ गटातली गोळी किमान ४ आठवडे स्थिर डोसवर चालू. आजच्या किडनी ट्रायलच्या अटी आकड्यांत वेगळ्या असतील, पण सांगाडा बहुधा हाच असतो.

यातल्या प्रत्येक आकड्यावर रुग्ण बाद होऊ शकतो, आणि पुष्कळदा आजारामुळे नव्हे तर नमुन्यामुळे. लघवीतील अल्ब्युमिन हा सर्वांत चंचल आकडा आहे. ताप, लघवीचा संसर्ग, आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम, मासिक पाळी, खूप वाढलेली साखर यांपैकी काहीही असले तर तो खोटा चढतो. म्हणून सकाळची पहिली लघवी मागतात आणि अनेकदा वेगवेगळ्या दिवशीचे नमुने घेतात. केंद्रावर पोहोचून दुपारी दिलेला नमुना त्याची जागा घेत नाही. रिपोर्टवरचे एककही बघा: काही लॅब मिलिग्रॅम प्रति ग्रॅम लिहितात, काही मिलिग्रॅम प्रति मिलिमोल. दुसऱ्या एककातला ३४ हा पहिल्या एककात सुमारे ३०० होतो. ‘माझे तर फक्त ३४ आहे’ म्हणून घरी बसलेला रुग्ण प्रत्यक्षात पात्र असू शकतो.

रक्तातल्या पोटॅशियमची अट असेल तर त्याचेही तसेच. रक्त काढताना किंवा नेताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटे जास्त येते; अशा वेळी पुन्हा तपासणी मागणे रास्त आहे. मात्र कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठ किंवा रोजचे नारळपाणी यामुळे ते खरोखरच वाढते. या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असते. एचबीएवनसी हल्लीच रक्त चढवले असेल किंवा मोठा अ‍ॅनिमिया असेल तर भरवशाचा राहत नाही, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

गुडघेदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या डायक्लोफेनॅक-आयब्युप्रोफेनच्या गोळ्या, काढे, भस्मे, व्यायामशाळेतली क्रिएटिन पावडर यांतले काहीही लपवू नका. वेदनाशामकाने किडनीचे काम खरोखर बिघडते. क्रिएटिन पावडरने क्रिएटिनिन वाढते आणि ईजीएफआर कमी दिसतो. बाद झाल्यावर पुन्हा एकदा स्क्रीनिंगची मुभा अनेक ट्रायलमध्ये असते. ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

कागदपत्रे

ओळख आणि जन्मतारखेचा पुरावा लागतो. निदान केव्हाचे हे दाखवणारा सर्वांत जुना कागद लागतो. तोच नेमका घरात सापडत नाही, म्हणून जुन्या फाइलचा शोध आधी सुरू करा. गेल्या वर्षभराचे क्रिएटिनिन, लघवी आणि साखरेचे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावा. दाखल झाला असाल तर डिस्चार्ज कार्ड. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली असेल तर तो रिपोर्ट. चालू औषधांच्या चिठ्ठीबरोबर गोळ्यांच्या पट्ट्याही न्या, कारण चिठ्ठीवर एक डोस आणि प्रत्यक्षात दुसरा, हे फार वेळा दिसते, आणि ‘४ आठवडे स्थिर डोस’ ही अट नेमकी तिथे तपासली जाते. प्रवासखर्च खात्यात जमा होणार असेल तर पासबुकाची प्रत. आधी कोणत्या ट्रायलमध्ये असाल तर तिचे कार्ड. एकाच वेळी दोन औषध-ट्रायलमध्ये राहता येत नाही आणि दोहोंत ठरावीक अंतर लागते.

मूळ कागद केंद्रावर ठेवून येऊ नका. प्रायोजक (ट्रायल करवून घेणाऱ्या) कंपनीकडे जाणाऱ्या माहितीत रुग्णाचे नाव जात नाही, सांकेतिक क्रमांक जातो. नाव-पत्ता केंद्रातच राहतो.

संमतीपत्र

क्रम पक्का आहे: आधी संमती, मग ट्रायलसाठीची पहिली तपासणी. जुने रिपोर्ट दाखवायला हरकत नाही, पण सही होण्याआधी ट्रायलसाठी रक्त काढले जात असेल तर तिथेच थांबवा.

कागद दोन असतात, माहितीपत्रक आणि संमतीपत्र. मराठी वाचणाऱ्याला एथिक्स कमिटीने मंजूर केलेली मराठी प्रत मिळालीच पाहिजे. ‘इंग्रजीवर सही करा, मी समजावतो’ हे चालत नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख असते. दोन्ही कागदांवरची आवृत्ती एकमेकांशी जुळते का ते बघा. प्रत घरी नेऊन वाचायला वेळ मागा. रुग्णाला वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार लागतो. तो ट्रायलच्या चमूतला नसावा आणि चर्चा सुरू झाल्यापासून संपेपर्यंत हजर हवा. शेवटी सहीपुरते बोलावलेल्या वॉर्डबॉयची साक्ष खरी साक्ष नव्हे. पूर्णपणे नव्या औषधी रेणूच्या ट्रायलमध्ये दुर्बल गटातल्या व्यक्तीची संमती घेताना दृकश्राव्य चित्रण करावे लागते.

माहितीपत्रकात हे शोधा: औषध कोणते, तुलना कशाशी, प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) मिळण्याची शक्यता किती, एकूण कालावधी, किती भेटी आणि किती रक्त, संभाव्य त्रास, दुसरा उपचार कोणता उपलब्ध आहे, आणि काही झाल्यास फोन कोणाला करायचा. फोन दोन हवेत, संशोधक डॉक्टरांचा आणि एथिक्स कमिटीचा.

संमतीपत्रावर पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचे नाव, पत्ता, नाते असे रकाने असतात. घाईत वारसाचा रकाना कोरा राहतो किंवा ‘मुलगा’ एवढेच लिहिले जाते. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई कोणाला, याचे उत्तर त्याच रकान्यात असते, म्हणून पूर्ण नाव लिहा. सहीपुढची तारीख स्वतःच्या हाताने घाला. दोन्ही कागदांची, डॉक्टरांची सही असलेली प्रत तुमच्या हातात आल्याशिवाय उठू नका. ट्रायल चालू असताना नवी माहिती आली आणि संमतीपत्र बदलले, तर सुधारित आवृत्तीवर पुन्हा सही घेतली जाते. तीही प्रत घ्या.

संमती केव्हाही मागे घेता येते. कारण द्यावे लागत नाही आणि त्या रुग्णालयातला नेहमीचा उपचार त्यामुळे थांबवता येत नाही.

देखरेखीच्या काळात

प्रत्येक भेटीला ठरलेल्या तारखेच्या आगेमागे थोड्या दिवसांची सवलत असते. ती चुकली की त्या भेटीची माहिती वाया जाते, म्हणून गावी जायचे असेल तर आधी कळवा. रिकाम्या पट्ट्या आणि उरलेल्या गोळ्या परत न्या. किती घेतल्या हे त्यावरूनच मोजतात. विसरलेल्या गोळ्या फेकून हिशेब जुळवू नका. त्याने औषधाचा परिणाम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो आणि पुढच्या रुग्णांचे नुकसान होते.

‘ग्लिफ्लोझिन’ गटाचे (वरच्या कॅनाग्लिफ्लोझिनसारखे) औषध असेल तर उपवासाची गोष्ट महत्त्वाची आहे. नवरात्राचे नऊ दिवस, रमजानचे रोजे, उलट्या-जुलाब किंवा ठरलेली शस्त्रक्रिया यांबद्दल ट्रायलच्या को-ऑर्डिनेटरला आधी सांगा. या औषधावर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात घातक प्रमाणात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) साचू शकतात. मळमळ, पोटदुखी, धाप असताना ग्लुकोमीटरवर १८० दिसले म्हणून निर्धास्त राहणे धोक्याचे. ट्रायलचे कार्ड पाकिटात ठेवा. दुसऱ्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर तेच दाखवायचे.

गंभीर त्रास झाला तर

रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, जीवाला धोका, कायमचे अपंगत्व, मृत्यू या गंभीर घटना आहेत. संशोधक डॉक्टरांना त्या २४ तासांत औषध महानियंत्रक, प्रायोजक आणि एथिक्स कमिटीला कळवाव्या लागतात. त्यांना वेळेत समजले तरच हे होते. घरच्यांनी त्याच दिवशी फोन करावा आणि वेळ लिहून ठेवावी. सविस्तर अहवाल १४ दिवसांत, एथिक्स कमिटीचे मत ३० दिवसांत जाते. औषध महानियंत्रकांचा आदेश झाल्यावर ३० दिवसांत प्रायोजकाने पैसे द्यायचे असतात. उपचार मात्र लगेच आणि मोफत मिळायला हवेत: डॉक्टरांच्या मते गरज असेपर्यंत, किंवा इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत, यांतले जे आधी होईल तोपर्यंत.

मृत्यूच्या भरपाईचे सूत्र ठरलेले आहे: ८ लाख रुपये गुणिले वयाचा घटक (वयानुसार तक्त्यात ठरलेला आकडा) गुणिले जोखमीचा घटक (रुग्णाचा आजार आधीच किती गंभीर होता यावरून ठरणारा), भागिले ९९.३७. पन्नाशीच्या व्यक्तीचा वयाचा घटक १५३.०९ आहे. मध्यम जोखमीचा घटक २ धरला तर रक्कम सुमारे २४ लाख ६५ हजार येते. शंभर टक्के कायमच्या अपंगत्वाला मृत्यूच्या भरपाईच्या ९० टक्के. बऱ्या होणाऱ्या गंभीर त्रासासाठी दिल्लीतल्या अकुशल कामगाराचे किमान दैनिक वेतन गुणिले रुग्णालयातले दिवस, त्याची दुप्पट. दिवस मोजले जातात ते कागदावरून, त्यामुळे दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची तारीख डिस्चार्ज कार्डवर बरोबर आहे का ते तिथेच तपासा.

प्लासिबो दिल्यामुळे उपलब्ध असलेला प्रमाणित उपचार मिळाला नाही आणि त्यातून इजा झाली, किंवा ट्रायलसाठीच्या एखाद्या तपासणीत इजा झाली, तरी ती ट्रायलशी संबंधित धरली जाते. ‘औषधाने झाले नाही’ एवढे उत्तर पुरेसे नाही. असे उत्तर मिळाले तर संमतीपत्राच्या प्रतीसह एथिक्स कमिटीला लेखी कळवून पोच घ्या.

ट्रायल संपल्यावर

शेवटच्या भेटीत आपल्या सर्व रिपोर्टची प्रत मागा आणि नेहमीच्या डॉक्टरांकडे द्या. गोळी औषधाची होती की प्लासिबोची, हे बहुधा सगळ्यांची ट्रायल संपल्यावरच उघड होते. ते कळवण्याची विनंती आताच लेखी देऊन ठेवा. औषधाचा फायदा झाला आणि त्या आजारावर दुसरा उपचार नाही, असे असेल तर संशोधक डॉक्टरांची शिफारस आणि एथिक्स कमिटीची मंजुरी घेऊन ते पुढेही प्रायोजकाकडून मोफत मिळू शकते. मात्र त्यासाठी वेगळ्या कागदावर सही द्यावी लागते आणि त्यात ट्रायलनंतरच्या वापराची जबाबदारी प्रायोजकावर राहणार नाही असे मान्य केलेले असते. तो कागद पहिल्या संमतीपत्राइतकाच सावकाश वाचा.