नैराश्यावरील औषध लागू पडेपर्यंत

कोणत्या रुग्णाला नैराश्यावरची कोणती गोळी लागू पडेल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून एक औषध पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ देऊन पाहतात. गुण आला नाही तर मात्रा वाढवतात, औषध बदलतात किंवा जोडीला दुसरे देतात. मानसशास्त्रात ज्याला प्रयत्न-प्रमाद म्हणतात, त्याच जातीची ही पद्धत आहे. ‘प्रमाद’ हा शब्द मात्र इथे दिशाभूल करतो. पहिली गोळी लागू पडली नाही तर ती बहुतेक वेळा डॉक्टरांची चूक नसते, आणि रुग्णाची तर नसतेच.

मधुमेहात रक्तातली साखर मोजता येते, थायरॉईडच्या विकारात संप्रेरकाची पातळी कळते. नैराश्याचे निदान करणारी अशी रक्ततपासणी नाही. एकच नाव मिळालेल्या या आजाराच्या पोटात बहुधा अनेक वेगवेगळे आजार आहेत. कुणाची झोप उडते, तर कुणी दिवसभर झोपून असतो. औषधांचा इतिहासही योगायोगांचा आहे. इप्रोनियाझिड हे मुळात क्षयावरचे औषध. १९५०च्या दशकात क्षयाच्या रुग्णांची मनःस्थिती त्याने सुधारते असे दिसले आणि ते मानसोपचारात आले. स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून स्किझोफ्रेनियासाठी इमिप्रॅमिन तपासत होते. त्या आजारात त्याचा उपयोग झाला नाही, पण खिन्न रुग्णांना गुण आला, आणि १९५७ मध्ये कून यांनी ते प्रसिद्ध केले. या कथेला मुंबईचाही एक धागा आहे. सर्पगंधा रक्तदाबावर गुणकारी असल्याचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात मांडले आणि ही वनस्पती जगाच्या नजरेत आली. तिच्यातले रेझर्पिन घेणारे काही रुग्ण पुढे खिन्न झाले. हे औषध मेंदूतील सेरोटोनिनसारखी द्रव्ये घटवते असेही आढळले. या द्रव्यांच्या कमतरतेतून नैराश्य येते, हा विचार त्यातून बळावला. आज तो अपुरा मानला जातो, पण बहुतेक गोळ्या अजून त्याच वाटेवरच्या आहेत. फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली आणि सेरोटोनिनवर काम करणारी तुलनेने सुरक्षित औषधे सर्वत्र पोचली.

२०१८ मध्ये ५२२ चाचण्या आणि सुमारे १ लाख १६ हजार रुग्णांची माहिती एकत्र करून २१ औषधांची तुलना झाली. सर्व औषधे नकली गोळीपेक्षा (जिच्यात औषधच नसते अशा गोळीपेक्षा) सरस ठरली, मात्र आपसात त्यांचे अंतर थोडेच होते. अमुक गोळी सर्वांत भारी, असे कुणी छातीठोकपणे सांगितले तर त्यावर विसंबू नये.

एकामागून एक औषध देऊन पाहण्याचा सर्वांत मोठा अभ्यास म्हणजे अमेरिकेतला ‘स्टार-डी’. त्यात ४,०४१ रुग्ण दाखल झाले आणि त्याचे मुख्य निष्कर्ष २००६ मध्ये आले. सर्वांना आधी सिटालोप्राम दिले. ज्यांना ते लागू पडले नाही त्यांना पुढच्या टप्प्यांवर औषध बदलून किंवा जोड देऊन पाहिले. लक्षणे जवळपास नाहीशी होण्याचे प्रमाण पहिल्या टप्प्यात सुमारे ३७ टक्के, दुसऱ्यात ३१, तिसऱ्यात १४ आणि चौथ्यात १३ टक्के निघाले. त्यावरून एकूण दोन तृतीयांश रुग्ण बरे होऊ शकतात असा अंदाज मांडला गेला. तो वादग्रस्त आहे. वाटेत बरेच रुग्ण गळाले होते, नकली गोळीचा गट नव्हता, आणि २०२३ मध्ये मूळ माहिती पुन्हा तपासणाऱ्या संशोधकांना हे एकूण प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास आढळले. तरीही पहिली गोळी हुकल्यावर दुसरीने बरे झालेले लोक पुष्कळ होते, आणि रुग्णाला हे पहिल्याच भेटीत सांगायला हवे. नाहीतर पहिली गोळी वाया गेली की ‘आपल्यावर औषधच चालत नाही’ असे तो मनाशी ठरवून टाकतो. आधीच आशा आटलेल्या माणसाला हा निष्कर्ष काढायला वेळ लागत नाही.

सर्वांत अवघड असते ते थांबणे. मळमळ, डोकेदुखी, बेचैनी हा त्रास पहिल्या आठवड्यातच जाणवतो. गुण यायला दोन ते चार आठवडे जातात आणि पक्का अंदाज घ्यायला सहा-आठ. म्हणजे आधी फक्त त्रास पदरात पडतो. घरचे म्हणतात, ‘एवढ्या गोळ्या खाऊन काय फरक पडला?’, कुणी सवय लागेल म्हणून घाबरवते, आणि दहाव्या दिवशी गोळी बंद होते. अशा वेळी औषध हरले असे म्हणता येत नाही, कारण त्याला पुरती संधीच मिळालेली नसते. व्यसनासारखी ओढ या गोळ्यांनी लागत नाही. मात्र त्या एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके असा त्रास होऊ शकतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन यांच्या बाबतीत तो विशेष असतो, म्हणून मात्रा हळूहळू उतरवतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, त्यामुळे त्या दिवसांत घरातल्यांनी लक्ष ठेवणे फार गरजेचे असते. तसे विचार आल्यास भेटीच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना गाठावे; १४४१६ हा ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो.

निवड अगदी आंधळी नसते. आधी कोणत्या गोळीने बरे वाटले होते, हे डॉक्टर विचारतात. झोप आणि भूक गेली असेल तर मिर्टाझापिन, अंगदुखी असेल तर ड्युलोक्सेटिन, हृदयविकार असेल तर सर्ट्रालिन, असे आडाखे असतात. फिट येणाऱ्याला बुप्रोपिऑन टाळतात. दोन औषधे हुकली की निदानच पुन्हा तपासावे लागते: थायरॉईड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, दारू, आणि मुख्य म्हणजे द्विध्रुवीय विकार (ज्यात मन कधी खिन्नतेकडे, तर कधी उन्मादाकडे झुकते), कारण त्यात नुसत्या नैराश्यावरच्या गोळीने उन्माद उसळू शकतो. जनुकीय चाचणीवरून यकृत औषध किती वेगाने जिरवते याचा अंदाज येतो. मात्रा ठरवायला तिची मदत होते. कोणते औषध गुण देईल हे ती सांगत नाही.

यापुढे लिथियमची जोड, नाकात फवारायचे एस्केटामिन आणि विद्युतोपचार (मेंदूला विजेचा नियंत्रित झटका देणे) हे मार्ग उरतात. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय विद्युतोपचार करायला २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी आहे. औषधाबरोबर समुपदेशन चालू असेल तर फायदा वाढतो.

भारतात एक वेगळा घोळ होतो. एकच एस्सिटालोप्राम डझनावारी नावांनी विकले जाते. त्यामुळे कंपनी बदलली की रुग्णाला औषध बदलल्यासारखे वाटते, आणि नव्या डॉक्टरांना ‘ती पांढरी छोटी गोळी’ एवढेच सांगता येते. कोणते औषध, किती मिलिग्रॅम, किती आठवडे घेतले आणि का सोडले, हे वहीत लिहिलेले असले तर हुकलेलेच औषध पुन्हा दिले जात नाही. कागद हरवले असतील तर गोळ्यांचे रिकामे पाकीट नेले तरी चालते. त्यावर मूळ औषधाचे नाव छापलेले असते.