रोगभारमापन

रोगभारमापन : आजार, अपंगत्व व अकाली मृत्यू यांमुळे एखाद्या लोकसमूहाची किती निरोगी वर्षे हिरावली जातात, याची देशादेशांत तुलना करता येईल अशा एकाच परिमाणात केलेली मोजणी. या परिमाणाला ‘विकलांगता-समायोजित आयुर्वर्ष’ म्हणता येईल. परंतु नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना १९९८) संलग्न महाविद्यालयांत, इतरत्रप्रमाणेच, ‘डॅली’ हा इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चारच चालतो आणि पुढेही तोच वापरला आहे.

संकल्पनेचा उगम सामान्यतः जागतिक बँकेच्या १९९३च्या जागतिक विकास अहवालाशी आणि त्यासाठी ख्रिस्तोफर मरे व अॅलन लोपेझ यांनी केलेल्या कामाशी जोडला जातो. हे नावापुरते खरे आहे. मृत्युदराऐवजी गमावलेली वर्षे मोजावीत, हा विचार मेरी डेम्प्सी यांच्या क्षयरोगावरील १९४७च्या लेखात आढळतो. तर अकाली मृत्यू व आजारपण यांची एकत्र बेरीज करून ‘निरोगी जीवनाचे गमावलेले दिवस’ काढण्याची रीत घानातील आरोग्य-मूल्यमापन गटाने १९८१मध्येच मांडली होती. पद्धतीचा गाभा पाहता घानाच्या कामाला अग्रक्रम देणे अधिक सयुक्तिक ठरते.

डॅली म्हणजे दोन संख्यांची बेरीज होय : मृत्यूच्या वयापासून प्रमाण आयुर्मर्यादेपर्यंत उरलेली वर्षे, आणि आजारासह काढलेली वर्षे गुणिले त्या आजाराचा भारांक (० म्हणजे पूर्ण आरोग्य, १ म्हणजे मृत्यू). आयुर्मर्यादा सर्व देशांसाठी एकच धरली जाते, कारण गरीब देशातील मूल मुळातच कमी जगणार असे गृहीत धरले, तर त्याच्या मृत्यूचे मोलही आपोआप कमी ठरेल. प्रारंभी ही मर्यादा स्त्रियांसाठी ८२.५ व पुरुषांसाठी ८० वर्षे होती. त्याच वेळी भावी वर्षांना दरसाल ३ टक्के वटाव लावला जाई, म्हणजे वर्ष जितके दूरचे तितके त्याचे मोल कमी धरले जाई, आणि पंचविशीच्या आसपासच्या वर्षांना बालपण व वार्धक्यापेक्षा अधिक वजन दिले जाई. परिणामी तान्ह्या मुलीचा मृत्यू सुमारे ३३ डॅलींचाच भरे. सुधीर आनंद व कारा हॅन्सन यांनी १९९७मध्ये या दोन्ही गृहीतकांवर सविस्तर आक्षेप घेतले. डिसेंबर २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २०१० सालच्या जागतिक रोगभार अभ्यासात ती वगळली गेली आणि जन्मवेळची मर्यादा स्त्री-पुरुष दोघांसाठी ८६ वर्षे झाली.

खरा वाद भारांकांचा आहे. १९९५मध्ये जिनीव्हा येथे जमलेल्या आरोग्यतज्ज्ञांनी २२ निदर्शक अवस्थांचे भारांक ठरविले. त्यांच्यापुढे, ढोबळमानाने, इतक्या निरोगी माणसांचे एक वर्ष वाचवावे की इतक्या अंधांचे, असे पेच ठेवले होते. या पद्धतीने अंधत्वाला ०.६००च्या घरात भारांक मिळाला. २०१०च्या अभ्यासात तज्ज्ञांऐवजी सर्वसामान्य लोकांना विचारण्यात आले : बांगलादेश, इंडोनेशिया, पेरू, टांझानिया व अमेरिका येथील १३,९०२ व्यक्ती आणि आंतरजालावरील १६,३२८ प्रतिसादक यांना दोन काल्पनिक माणसांची वर्णने सांगून त्यांतील अधिक निरोगी कोण, एवढेच विचारले. २२० अवस्थांच्या या भारांकनात अंधत्व ०.१९५वर उतरले, तर तीव्र अवस्थेतील छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) ०.७५६ इतक्या सर्वोच्च भारांकावर पोहोचली. हा फरक मुख्यतः प्रश्नाच्या शब्दांमुळे पडला असावा. मराठीत पाहिले तर हे सहज उमगते. ज्याला दिसत नाही पण काही दुखतखुपत नाही, त्याला आपण बिनदिक्कत ‘निरोगी’ म्हणतो, मात्र त्याचे जगणे सोपे आहे असे कोणी म्हणणार नाही. सर्वेक्षणकर्त्यांच्या मते देशोदेशींचे कौल बहुतांशी जुळतात. एकत्रित निकालाशी सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.९ किंवा अधिक आढळला, अपवाद फक्त बांगलादेशाचा (०.७५). पाचांपैकी भारताला सर्वांत जवळचा देश नेमका तोच असल्याने हा अपवाद दुर्लक्षिण्याजोगा वाटत नाही.

भारतातील राज्यनिहाय रोगभार प्रथम नोव्हेंबर २०१७मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व सहयोगी संस्थांनी प्रसिद्ध केला. त्यानुसार संसर्गजन्य, माता-नवजात व पोषणविषयक विकारांचा एकूण डॅलींतील वाटा १९९०मधील ६१ टक्क्यांवरून २०१६मध्ये ३३ टक्क्यांवर आला आणि असंसर्गजन्य रोगांचा ३० वरून ५५ टक्क्यांवर गेला. महाराष्ट्राच्या एका आकड्यात नाशिक शहर, यंत्रमागांचे मालेगाव आणि सुरगाणा-पेठचे आदिवासी पाडे असे सगळेच सामावते.

या आकड्यांचा कच्चा माल म्हणजे मृत्यूच्या कारणाची नोंद. नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे पंचमांशांनाच वैद्यकीय कारण-प्रमाणपत्र जोडलेले असते. रुग्णालयात भरावयाच्या नमुना क्रमांक ४मध्ये तात्कालिक कारणाखाली मूळ कारण लिहिणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात पहिल्याच ओळीत ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असे लिहून रकाना संपतो. हृदय प्रत्येकाचेच बंद पडते, म्हणून अशी नोंद निरुपयोगी ठरवून ते मृत्यू सांख्यिकी सूत्राने इतर कारणांत वाटून टाकावे लागतात.

घरी झालेल्या मृत्यूंसाठी मौखिक शवपरीक्षणाचा आधार घेतात : पाहणीदार आप्तांना ताप किती दिवस होता, धाप लागत होती का, असे विचारून टिपण करतो आणि दोन डॉक्टर ते स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवितात. या रीतीने २००५मध्ये भारतात सर्पदंशाने सुमारे ४६ हजार मृत्यू झाल्याचे अनुमान निघाले. रुग्णालयीन नोंदींतील आकड्याच्या ते अनेक पटींनी जास्त होते. त्यांतील ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते आणि दवाखान्यात झालेले जेमतेम २३ टक्के.